हाफोद-लासचे तीन डबे

पेनरिव, रविवार, २४ फेब्रुवारी २०१९

प्रिय इदवाल,

मंगळवारी तू फोन उचललास आणि माझा आवाज ऐकून लगेच ठेवलास. म्हणून लिहितो आहे. पत्र न वाचता बाजूला ठेवणं तुला जमायचं नाही. लहानपणी माझ्या नावाने आलेली पत्रंसुद्धा आधी तूच फोडायचास.

सभेबद्दल माझी बाजू एकदा ऐकून घे. चॅपेलच्या मागच्या खोलीत साठ माणसं जमली होती. युरोपच्या व्यापारसंघातून आपण बाहेर पडलो तर औषधांचं काय होणार, हे त्यांना ऐकायचं होतं. दरीत औषधांचं दुकान माझं एकट्याचं, म्हणून बोलायला मला उभं केलं. मी साधंच सांगितलं. पुष्कळशी औषधं समुद्रापलीकडून येतात. कागदपत्रांसाठी बंदरात लॉऱ्या अडकल्या तर दुकानात माल उशिरा येईल. सरकारनेही कंपन्यांना सहा आठवड्यांचा जादा साठा करायला सांगितलं आहे. यात खोटं काय होतं?

आपल्या गावची बेती उठून म्हणाली, "माझ्या गोळ्या दोन दिवस जास्त बोटीत बसल्या तर त्यांना काय समुद्र लागणार आहे का रे?" सगळे हसले, मीही हसलो. तिथवर ठीक होतं.

मग तू उभा राहिलास. "आपले आजे-पणजे जगले ते काय युरोपचा शिक्का घेऊन?" म्हणालास. "मेंढीच्या कानात किती बिल्ले ठोकायचे हे परकी कचेरी ठरवते, आता माझ्या बायकोच्या डोकेदुखीचंही तीच ठरवणार? माझ्या घरी औषधावाचून कधी कुणाचं अडलेलं नाही. हा बागुलबुवा आहे, आणि तो माझ्या सख्ख्या भावाने आपल्या दुकानाच्या काचेत बसवलाय."

टाळ्या पडल्या. माझे कान तापले. मी एक वाक्य बोललो. फक्त एक वाक्य. कुणाचंही नाव घेतलं नाही.

त्यावर तू मला म्हणालास, "तुमचं झालं असेल तर खाली बसा." साठ माणसांसमोर, सख्ख्या भावाला 'तुम्ही'. आईने ते ऐकलं असतं तर तिने आपल्या दोघांनाही उपाशी ठेवलं असतं.

सोमवारी तू दुकानात आलास. गोळ्यांचे दोन न उघडलेले डबे काउंटरवर आपटलेस. "हा घे तुझा पुरावा," म्हणालास. परत आलेलं औषध दुसऱ्या कुणाला देता येत नाही, सीलबंद असलं तरी. नष्ट करायला ते निळ्या झाकणाच्या पिंपात टाकावं लागतं. कायदाच तसा आहे. मी तुझ्यासमोर ते टाकलं. त्यात दार आपटून जाण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

तुझ्या मेलेरीला सांग, तिच्या या महिन्याच्या गोळ्यांची मागणी लावली आहे. तिने नेहमीप्रमाणे यावं. सहा वर्षं तिला आकडी आलेली नाही, ती त्या गोळ्यांमुळे आणि तिच्या शिस्तीमुळे. एक आकडी आली तर वर्षभर गाडी चालवायला बंदी, आणि गाडी नाही तर वरच्या वाड्यांवरच्या तिच्या म्हाताऱ्यांना आंघोळ कोण घालणार, जेवू कोण घालणार? राग आपल्या दोघांचा आहे, त्यात पोरीला ओढू नकोस.

तुझा भाऊ,
तेगिद


पेनरिव, रविवार, ३१ मार्च २०१९

प्रिय इदवाल,

परवा रात्री आपण युरोपच्या संघातून बाहेर पडणार होतो. पडलो नाही. तारीख पुढे गेली. शनिवारी सकाळी बेती दुकानात आली आणि म्हणाली, "तेगिद, काल आकाश कोसळणार होतं ना? मी मुद्दाम कपडे आत घेतले होते." मग तिनेच आवाज उतरवून विचारलं, "पण माझ्या गोळ्या आल्यात ना रे?"

असं आहे बघ. तुझ्या बाजूची माणसं चारचौघांत मला हसतात आणि मग काउंटरवर वाकून हळूच विचारतात. माझ्या बाजूची चारचौघांत घाबरतात, आणि प्रत्येकाच्या घरी कपाटात तीन महिन्यांचा साठा आहे. दोघांनाही मी एकच उत्तर देतो: पाहतो.

मेलेरी आली नाही. महिन्याच्या सुरुवातीला डॉक्टरांच्या चिठ्ठीचा हिरवा कागद घेऊन ती बावीस मैलांवरच्या मोठ्या गावात गेली आणि तिथल्या दुकानातून गोळ्या आणल्या. हे मला बेतीने सांगितलं. बेतीला कुणी सांगितलं असेल, विचार. आता अख्ख्या दरीला ठाऊक आहे की तुमच्या वाडीवरच्या, हाफोद-लासच्या, मुलीला आकडी येते. वरच्या वाडीवरच्या म्हाताऱ्याने तर तिला विचारलं म्हणे, "मला उचलताना तुला काही झालं तर मी कुठे पडायचं?" बेती हसत हसत सांगत होती. मी शेल्फ पुसायला वळलो.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की कुणाचं नाव घेतलं नाही. ते खरं आहे, आणि तरी ती लबाडी आहे. मी काय म्हणालो ते इथे लिहितो, म्हणजे मलाही ते एकदा कागदावर पाहता येईल. मी म्हणालो, "कुणाचं अडलं नाही ना? मग जानेवारीत हाफोद-लासला आकडीच्या गोळ्यांचे तीन-तीन डबे कशाला लागले?"

हाफोद-लासला माणसं तीन. तू ठणठणीत. तुझी लुनेद साठीची, तिला आकडी येत असती तर कधीच कळलं असतं. उरलं कोण? नाव घ्यायची गरजच नव्हती.

मेलेरी तेव्हा चहाच्या बंबापाशी होती. तू माझ्याकडे पाहत होतास, म्हणून तुला दिसली नसेल. तिने बंबाची तोटी बंद केली. मांडलेले कप एकेक करून पालथे घातले. मग कोट उचलून मागच्या दाराने गेली. त्या दिवशी कुणालाच चहा मिळाला नाही आणि कुणी मागितलाही नाही.

आणखी एक. तिच्या कंपनीच्या गोळ्या आता कुठेच मिळत नाहीत. घाऊक व्यापाऱ्याला मी तीनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, कारखान्यातलं यंत्र बंद आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, पौंड घसरला म्हणून माल परदेशात जास्त भावाने गेला. तिसऱ्यांदा दुसराच कुणीतरी होता, तो म्हणाला, "साहेब, लोकांनीच घरात भरून ठेवलंय." मी विचारलं, "यातलं खरं कुठलं?" तर म्हणाला, "तुम्हाला कुठलं हवंय?"

मी अजूनही मानतो की बाहेर पडल्याने आपल्यासारख्या कोपऱ्यातल्या गावांचे हाल होतील. ते मत मी बदललेलं नाही. पण मेलेरीच्या गोळ्या कशाने अडल्या, हे मला ठाऊक नाही, आणि सभेतही ठाऊक नव्हतं. ठाऊक असल्यासारखा बोललो. मे महिन्याच्या गावपत्रिकेसाठी तसं चार ओळींत लिहून दिलं आहे. संपादकाने वाचून विचारलं, "हे छापलं तर तुमच्याच बाजूचे लोक तुम्हाला फाडून खातील, चालेल?" मी म्हटलं, छापा.

दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या तिने घेऊ नयेत. सहा वर्षांपूर्वीची शेवटची आकडी कंपनी बदलल्यावरच आली होती. तिला हे माहीत आहे, तरी तू आठवण कर.

तेगिद


पेनरिव, रविवार, १४ एप्रिल २०१९, फुलांचा रविवार

प्रिय इदवाल,

आज आई-बाबांच्या थडग्यावर तू येशील असं वाटलं होतं. दरवर्षी तू बादली आणि ब्रश आणतोस, मी फुलं आणतो. या वर्षी बादलीही मीच नेली. शेवाळ निम्मं खरवडून झालं होतं तेव्हा फाटकापाशी लुनेद दिसली, हातात डॅफोडिल्सची जुडी. मला पाहून ती परत फिरेल असं वाटलं, पण आली. गुडघे टेकून बसली आणि आईच्या नावातली माती नखाने काढू लागली.

बराच वेळ दोघांनी दगडच पुसला. मग ती म्हणाली, "ती दोनऐवजी एकच घेतेय."

मला आधी कळलं नाही.

"गोळी. सकाळची सोडते, रात्रीची घेते. या महिन्यात मोठ्या गावातल्या दुकानात दुसऱ्या कंपनीच्या होत्या, त्या तिने घेतल्या नाहीत. आहेत त्या पुरवतेय. अशा अकरा दिवस पुरतील म्हणते. आणि गाडी चालवतेय, तेगिद. रोज सकाळी सातला निघते, त्या घाटाने."

इदवाल, तू हे जाणतोस की नाही मला माहीत नाही. लुनेद म्हणाली, तुला फक्त 'मिळत नाहीत' एवढंच सांगितलंय.

मी तिला सांगितलं की बुधवारच्या गाडीने माझ्या वाट्याला एक डबा आला आहे. त्याच कंपनीचा. मेलेरीचं नाव अजून माझ्या दप्तरात आहे, म्हणून कसाबसा मिळाला. टेबलाच्या खणात ठेवला आहे. मी म्हटलं, "तू तिचा हिरवा कागद घेऊन ये, मी आत्ता दुकान उघडतो."

"कागद तिच्याकडे आहे. ती देणार नाही. त्या दुकानात माझं नाव पुन्हा जाणार नाही म्हणते."

"मग कागदाशिवाय घेऊन जा," मी म्हणालो. खरंच म्हणालो. तीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. आई-बाबांच्या थडग्यावर बसून मी ते बोललो.

तेव्हा ती माझ्याकडे वळली. लुनेद आवाज चढवत नाही, तुला माहीत आहे. ती म्हणाली, "नाही. मी आता तिच्या गोळ्यांना हात लावणार नाही. तिच्या पाठीमागे आपण तिघांनी पुष्कळ केलं. जानेवारीत तू मला काउंटरवर वाकून काय सांगितलं होतंस, आठवतंय?"

आठवतंय. हे मी तुला दोन्ही पत्रांत लिहिलं नाही. आता लिहितो. मीच तिला सांगितलं होतं, "वहिनी, पुढे काय होईल सांगता येत नाही. एखाददुसरा डबा जास्तीचा घेऊन ठेव. दवाखान्यात बाईला सांग, हरवला म्हणून." सरकार सांगत होतं की लोकांनी घरी साठवू नका. दुकानाच्या काचेवर मीच तो कागद चिकटवला होता. आणि आपल्या घरच्या माणसाला मात्र कानात उलट सांगितलं. ती माझं ऐकून डबे घेऊन गेली, आणि महिन्याभराने तेच डबे मी सभेत तुझ्या तोंडावर पुरावा म्हणून फेकले. तुला वाटलं तुझ्या बायकोने तुझ्यामागे भीतीपोटी साठा केला. तिने तुला कारण सांगितलं नाही. ती मला वाचवत होती. मी कुणालाच वाचवत नव्हतो.

आणि ते दोन डबे. तू ते काउंटरवर आपटलेस तेव्हा मी एवढंच म्हणायचं होतं, "दादा, हे घरी ने, पोरीला लागतील." मी हातात घेऊन दप्तरात नोंदवले नव्हते तोवर ते तिचेच होते. कायदा मी उचलल्यावर सुरू झाला. मी उचलले, कारण तू पाहत होतास. दोन महिन्यांच्या गोळ्या. त्या पिंपात पडल्याचा आवाज तूही ऐकलास. आज त्या असत्या तर ती घाटात अर्ध्या औषधावर गाडी चालवत नसती. तू रागाने आणल्यास, मी रागाने टाकल्या. संघ, बंदर, लॉऱ्या, पौंड, यातलं कुणीही त्या दिवशी दुकानात नव्हतं.

उठताना लुनेद म्हणाली, "आम्हाला पत्रं लिहितोस ती कशाला? ती चोवीस वर्षांची आहे. तिला लिही."

तीन पत्रं मी तुला लिहिली, आणि तिन्हींत ती कळपातली मेंढी असल्यासारखा तिच्याबद्दल बोललो. आज सकाळी चॅपेलमध्ये मी पुढे, कारभार पाहणाऱ्या आम्हा डीकनांच्या थोरल्या बाकावर बसलो नाही. मागे, गॅलरीखाली बसलो. पाळकांना सांगितलं की आता माझी जागा तीच आहे. त्यांनी कारण विचारलं, मी माझं सांगितलं, दुसऱ्या कुणाचं नाही.

तेगिद


पेनरिव, सोमवार, १५ एप्रिल २०१९

प्रिय मेलेरी,

हे पत्र तुझ्या आई-बाबांना मी दाखवलेलं नाही, तूही दाखवलं नाहीस तर चालेल.

तुझी गोष्ट तू मला दुकानात, पडद्यामागच्या खुर्चीवर बसून सांगितली होतीस. तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस. ती माझ्याकडे ठेवायला दिलेली होती. भावाशी वाद जिंकायला मी ती साठ माणसांसमोर वापरली. तो वाद औषधांचा होता असं मी स्वतःला सांगत राहिलो. मी चुकलो. मला माफ कर असं लिहिणं सोपं आहे, म्हणून ते तुझ्यावर सोडतो. आमच्या व्यवसायाच्या नियामक मंडळाला मी काय केलं ते मी स्वतः लिहून कळवलं आहे. त्यात तुझं नाव, गाव, आजार काही नाही. ते जे करायचं ते करतील.

आता कामाचं. तुझ्या कंपनीचा एक डबा दुकानात आहे. तुझा कागद आणलास तर त्यावर, नाहीतर कागदाशिवायही तो तुला मिळू शकतो. अडचणीत फार्मासिस्टला तसा अधिकार असतो. अट एवढीच की ज्याचं औषध त्याने स्वतः येऊन फार्मासिस्टशी बोलायचं. तू माझ्याशी बोलावंस असं मी म्हणणार नाही. या गुरुवारपासून दर गुरुवारी दुकानात मी नसेन. किनाऱ्याकडून एक बाई येतील, त्या पूर्ण फार्मासिस्ट आहेत, या दरीत कुणाला ओळखत नाहीत आणि कुणाबद्दल विचारत नाहीत. खणाची किल्ली त्यांच्याकडे असेल. तू काय बोललीस ते त्या मला सांगणार नाहीत, मी विचारणार नाही.

अर्धी मात्रा घेऊन घाटात गाडी नेऊ नकोस. हे मी काका म्हणून लिहीत नाही, तो हक्क मी गमावला. दुसऱ्या कुठल्याही फार्मासिस्टने तुला हेच सांगितलं असतं.

तेगिद


पेनरिव, रविवार, २८ एप्रिल २०१९

प्रिय इदवाल,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. नऊ आठवडे मी त्याची वाट पाहिली. पाकिटावरचं तुझं अक्षर पाहून मी दुकानाला आतून कडी लावली आणि मागच्या मालाच्या खोलीत जाऊन ते वाचलं. चार ओळी. मी काय काय अपेक्षा केली होती ते लिहीत नाही. तू लिहिलंस: "गुरुवारी मेलेरी दुपारी कुठेतरी गेली होती. विचारलं तर बोलत नाही. डबा गेला का, एवढंच कळव. मी बाप आहे."

आधी बाकीचं सांगतो. पत्रिका लवकर छापून झाली, म्हणून माझ्या चार ओळी लोकांनी आत्ताच वाचल्या. बेती म्हणाली, "म्हणजे तुला काही माहीत नव्हतं तर. मग माझ्या गोळ्यांचं तरी माहीत आहे का?" शाळेतले जुने मास्तर, जे माझ्या बाजूने पत्रकं वाटत होते, त्यांनी मला रस्त्यात गाठून सांगितलं की मी शत्रूच्या हातात कोलीत दिलं. तुझ्या बाजूच्या एकाने दुकानात येऊन माझा हात हलवला, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. मी त्याला सांगितलं की बाहेर पडण्याबद्दल माझं मत तेच आहे. मग त्याने हात सोडला.

दोन्ही गुरुवारी दुकान किनाऱ्याकडच्या एका फार्मासिस्ट बाईंवर सोडून मी चॅपेलच्या पायऱ्या घासल्या. दुसऱ्या गुरुवारी घासण्यासारखं काही राहिलं नव्हतं, तरी घासल्या. तिथून दुकानाचं दार दिसत नाही. मी मुद्दाम तीच जागा निवडली. देवाशी बोललो, पण त्याच्याकडे काय मागावं ते नीटसं सुचत नव्हतं. ती यावी असं मागणं म्हणजे माझी सुटका मागण्यासारखं वाटे. शेवटी एवढंच म्हणत राहिलो की तिला बरं ठेव, आणि ते माझ्या हातून नको असेल तर नसू दे.

संध्याकाळी त्या बाई गेल्यावर मी खण उघडला. पुढची मागणी लिहायची तर तो उघडावाच लागतो. तेव्हा डबा गेला की आहे, हे मला माहीत आहे.

ते मी तुला सांगणार नाही.

हे वाचून तू टेबलावर मूठ आपटशील, मला दिसतं आहे. नऊ आठवड्यांनी लिहिलं, एक गोष्ट विचारली, आणि हा नाही म्हणतो. इदवाल, तू दुसरं काहीही विचारलं असतंस. वरचं कुरण मागितलं असतंस, बाबांचं घड्याळ मागितलं असतंस, सभेत उभा राहून नाक घास म्हणाला असतास, तर मी पत्राच्या आधी येऊन पोचलो असतो. हे 'हो' लिहायला एक अक्षर पुरतं, 'नाही' लिहायला दोन. पण तीन डबे गेले हे साठ माणसांना सांगणं आणि एक डबा गेला की राहिला हे तिच्या बापाला सांगणं, यात फरक फक्त माणसांच्या संख्येचा आहे. तू चांगल्या मनाने विचारतो आहेस. जानेवारीत वहिनीच्या कानात बोललो तेव्हा माझंही मन चांगलंच होतं.

ती तुझ्याच घरात, जिन्याच्या वरच्या खोलीत राहते. दार वाजव. आत जाऊ नकोस, उंबऱ्यावर उभा राहा आणि तिला विचार. माझं नाव काढू नकोस, डब्याचंही नको, तू कशी आहेस एवढंच विचार. मग गप्प बस. आपल्या दोघांनाही ते जमत नाही, पण या वेळी जमव. ती सांगेल तर तुला कळेल. नाही सांगितलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार.

माझ्यावर रागवायचं असेल तर रागव. हा राग मी बरोबर कामासाठी घेतो आहे, म्हणून तो मला झेपेल. पण आधी वर जा. आत्ता, हे पत्र टेबलावर ठेवून.

तेगिद